सिनेमा संपल्यावर काय बोलायचं?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते सर बरीच वर्षं इथल्या फिल्म सोसायटीचे चिटणीस होते. त्यांनी सिनेमा काढला नाही की सिनेमावर पुस्तक लिहिलं नाही. त्यांनी माणसं जमवली, त्यांना सिनेमे दाखवले आणि सिनेमा संपल्यावर त्यांना बोलतं केलं. यातलं शेवटचं काम सर्वांत कठीण. वर्गणी गोळा करता येते, हॉल मिळवता येतो, खटपट केली तर सिनेमाही मिळतो. पण सिनेमा पाहून उठलेल्या माणसाला परत खुर्चीत बसवायचं आणि ‘काय वाटलं?’ याचं उत्तर त्याच्याकडून चारचौघांत काढून घ्यायचं, याला चिवटपणा लागतो. तो सरांकडे होता. म्हणून आजचा विषय मी तोच घेतला आहे. नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल सिनेमावेड्या माणसांनी आपसात बोलायचं कसं, आणि का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मत देण्याआधी आपल्याला काय दिसलं ते सांगावं. चांगला की वाईट हा निकाल मागाहून. दोन-अडीच तासांत पडद्यावरून इतकं काही सरकून जातं, की एकट्या माणसाच्या हाती त्यातलं थोडंच लागतं. उरलेलं शेजारच्याला दिसलेलं असतं. दोघांनी आपापलं पुढे ठेवलं तर सिनेमा पुरता दिसायला लागतो आणि मग मत द्यायला काही आधार मिळतो. हा क्रम उलटा झाला की चर्चेचं भांडण होतं, किंवा चर्चा होतच नाही.

आज बहुतेक वेळा क्रम उलटाच असतो. शुक्रवारचा पहिला खेळ सुटतो आणि गाडी पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत निकाल लागलेला असतो. ‘पैसा वसूल.’ ‘वन टाइम वॉच.’ ‘पकवलं राव.’ ‘फर्स्ट हाफ मस्त, सेकंड हाफ ढेपाळला.’ पाचपैकी साडेतीन तारे. ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्याला तिकीट काढावं की नाही एवढं ठरवायला हे पुरतं, आणि तेवढ्यापुरतं ते चुकीचंही नाही. पण समोरच्यानेही तो सिनेमा पाहिलेला असेल तर? दोघं साडेतीन ताऱ्यांवर सहमत झाले किंवा न झाले, तरी त्यातून त्यांना काय मिळालं? सिनेमा होता तिथेच राहिला, आणि तेही होते तिथेच राहिले.

हा प्रश्न नवा नाही. सिनेमा पाहून त्यावर बोलण्यासाठी माणसांनी संस्था काढल्या त्याला आता शंभर वर्षं झाली. लंडनची फिल्म सोसायटी 1925 ची. ज्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’ या सोव्हिएत सिनेमाला ब्रिटनमध्ये जाहीर प्रदर्शनाची परवानगी नव्हती, तो या सोसायटीने 1929 मध्ये आपल्या सभासदांना दाखवला. पण मला जास्त जवळचे वाटतात ते दुसऱ्या महायुद्धानंतरचे फ्रान्समधले सिने-क्लब, आणि त्यातही आंद्रे बाझाँ हा माणूस.

बाझाँ बोलताना अडखळायचा. त्यापायी त्याची शिक्षक होण्याची वाट बंद झाली. आणि याच माणसाने पुढची वर्षं गावोगावच्या सिने-क्लबांत, कारखान्यांत, कामगारांच्या सभांत सिनेमा दाखवून त्यावर बोलण्यात घालवली. मार्सेल कार्नेचा ‘ल जूर स लेव्ह’ हा 1939 चा सिनेमा तो अशा सभांतून दाखवत असे. एक कामगार खून करून इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो, खाली पोलीस जमतात, आणि रात्रभर त्याला मागचं सगळं आठवत राहतं, एवढीच गोष्ट. कामगाराचं काम केलं आहे जाँ गाबाँने. या सिनेमावर बोलताना बाझाँ त्याचा संदेश, त्याचं तत्त्वज्ञान असं काही पहिल्यांदा काढत नाही. तो खोलीतलं सामान काढतो. तिथे काय काय होतं? कपाट कुठे होतं, त्याने ते दाराला कधी लावलं? सामानाचा हिशेब लागता लागता त्या माणसाचं आयुष्य उलगडत जातं. ज्या प्रेक्षकाला ‘मला सिनेमातलं काही कळत नाही’ असं वाटत असतं, त्यालाही कपाट आठवतं. तिथून तो बोलायला लागतो. चर्चा कुठून सुरू करावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

या सिने-क्लबांच्या वातावरणातच फ्रांस्वा त्रुफोसारखी पोरं वाढली. त्रुफोने सोळाव्या वर्षी स्वतःचा क्लब काढला. त्यात कर्ज झालं आणि प्रकरण इतकं चिघळलं, की त्याला अल्पवयीन गुन्हेगारांच्या सुधारगृहात जावं लागलं. त्याला तिथून बाहेर काढायला धावला तो बाझाँ. 1951 मध्ये बाझाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘काहिए द्यु सिनेमा’ हे मासिक सुरू केलं आणि क्लबातली भांडणं छापून यायला लागली. 1958 च्या नोव्हेंबरमध्ये त्रुफोने आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या सिनेमाचं, ‘द फोर हंड्रेड ब्लोज’चं चित्रीकरण सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी बाझाँ गेला. वय चाळीस. तो सिनेमा बाझाँला अर्पण केलेला आहे.

आपल्याकडे 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकार होते. त्यांची त्या काळातली एक सवय मला फार मोलाची वाटते. एखाद्या कथेवर सिनेमा निघणार असं जाहीर झालं, की ते स्वतः त्या कथेची पटकथा लिहून ठेवत आणि सिनेमा आल्यावर दोन्ही ताडून पाहत. हेही मत देणंच आहे. पण किती मेहनतीचं! ‘मी असतो तर वेगळं केलं असतं’ असं आपण सहज म्हणून जातो. राय ते कागदावर करून बघत होते. 1948 मध्ये भारतीय सिनेमाचं नेमकं काय बिघडलं आहे यावर त्यांनी ‘स्टेट्समन’मध्ये लेख लिहिला. पुढच्या वर्षी फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार ‘द रिव्हर’च्या तयारीसाठी कलकत्त्याला आले, तेव्हा सोसायटीच्या मंडळींना त्यांच्याशी बोलायला मिळालं. सोसायटीतलेच बंसी चंद्रगुप्त पुढे ‘पथेर पांचाली’चे कलादिग्दर्शक झाले. 1955 च्या त्या सिनेमामागे मित्रांनी एकत्र सिनेमे पाहून घातलेल्या वादांची आठ वर्षं आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. नुसतं बोलून काय होतं, असं विचारणारे नेहमीच भेटतात.

मुंबईत 1952 च्या जानेवारीत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन सिनेमा आला आणि 1953 च्या ‘दो बिघा जमीन’वर त्याचा प्रभाव पडला, हे आता शाळकरी माहितीत जमा झालं आहे. 1959 मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. त्यामागे सुधीर नांदगावकरांनी उभं आयुष्य घातलं. पुण्यात ‘आशय’, आणि मग गावोगावी लहानमोठी मंडळं. नावं घेत बसलो तर वेळ पुरणार नाही.

त्या काळी सिनेमा कसा यायचा हे इथल्या तरुण मित्रांना सांगायला हवं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून किंवा परदेशी वकिलातींकडून सोळा मिलिमीटरची प्रिंट मिळायची. पत्र्याच्या डब्यांत रिळं घालून ती रेल्वे पार्सलने यायची. स्टेशनवरून डबे सोडवून आणायचे, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला रवाना करायचे. प्रोजेक्टर बहुधा एकच. साधारण पाऊण तासाने रीळ संपलं की दिवे लावायचे, पुढचं रीळ चढवायचं. आणि त्या पाच-सात मिनिटांतच चर्चेला तोंड फुटायचं. सिनेमा अजून संपलेला नाही, पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे कोणी निकाल देऊ शकत नव्हतं. लोक एकमेकांना विचारत, ‘ती बाई कोण होती?’ ‘तो पत्र वाचून का हसला?’ चर्चेची इतकी निरोगी सुरुवात एका तांत्रिक अडचणीने करून दिली होती. आता ती अडचण नाही. तेव्हा ही सुरुवात आपणच ठरवून करायला हवी.

पाहायला शिकवणारी दोन माणसं त्या काळी पुण्यात होती, प्रा. सतीश बहादूर आणि पी. के. नायर. बहादूर मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आल्यावर त्यांनी ‘पथेर पांचाली’ एकेक चित्रचौकट थांबवून पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवला. नायर संग्रहालयाचे पहिले क्युरेटर. ते अंधारात बसून सिनेमा पाहता पाहता वहीत टिपणं काढत. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांच्या 2012 च्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात नायर दिसतात आणि त्याच माहितीपटात कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू गावही दिसतं. के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम्’ संस्थेने या गावात फिल्म सोसायटी चालवली. सुपारीच्या बागा असलेले शेतकरी तिथे ‘राशोमोन’ आणि ‘पथेर पांचाली’बद्दल सहजपणे बोलतात. जागतिक सिनेमा समजायला अमुक शिक्षण लागतं, तमुक शहरात राहावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो भाग जरूर पाहावा.

‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये एक जागा आहे. गहाण पडलेली सायकल सोडवायला पैसे हवेत म्हणून नायकाची, रिचीची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. गहाणखान्यातला माणूस ते गाठोडं घेऊन शिडीसारख्या मांडणीवर चढायला लागतो. चढतो, चढतो, आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग वर जातो. तिथे छतापर्यंत रचलेली दुसऱ्यांची गाठोडी आहेत. एकही वाक्य नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला त्यात युद्धोत्तर इटली दिसेल. ज्याच्या घरातली भांडी कधी सावकाराकडे गेली आहेत त्याला आणखी काही दिसेल, आणि ते तो आपल्याला सांगू शकेल. पण आपण त्याला पहिलाच प्रश्न ‘कसा वाटला?’ असा विचारला तर तो ‘चांगला होता’ म्हणेल आणि गप्प बसेल.

आता आपल्या भाषेतला एक सिनेमा घेतो आणि त्यावर जरा रेंगाळतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, 2014. व्हेनिसमध्ये गौरवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. एका मॅनहोलमध्ये सफाई कामगार मरतो आणि शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिरांवर खटला चालतो. हा सिनेमा मी वेगवेगळ्या मंडळांत चर्चेसाठी लावला आहे, आणि सगळीकडे पहिलं मत एकच येतं: ‘फार संथ आहे.’

मी तेव्हा वाद घालत नाही. कुठे संथ वाटला, एवढंच विचारतो. मग हळूहळू जागा पुढे येतात. कोणी म्हणतं, कोर्टातली दृश्यं. कॅमेरा एका जागी उभा, लांब, कागद वाचले जातायत, पुढची तारीख पडतेय. अशाच एका चर्चेत एक वकील बसले होते. ते म्हणाले, ‘खरं कोर्ट याहून संथ असतं. आणि जज साहेब साक्ष स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात ते पाहिलंत का? साक्षीदार बोलतो एक, कागदावर उतरतं दुसरं.’ हॉलमधल्या बऱ्याच जणांनी ते दृश्य पाहिलं होतं, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. आता आली. मग एक बाई म्हणाल्या, त्यांना सरकारी वकीलबाईंच्या घरातला प्रसंग लांबला असं वाटलं. गीतांजली कुलकर्णी यांनी ती भूमिका केली आहे. कोर्टातून निघायचं, लोकलने घरी जायचं, मुलाला घेऊन यायचं, स्वयंपाक करायचा, जेवताना टीव्ही बघायचा, सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब नाटकाला जायचं. ‘ही तर आपल्यातलीच आहे,’ त्या बाई म्हणाल्या, ‘म्हणूनच मला राग आला. ती वाईट नाही. तिला घरी जायची घाई आहे आणि त्या घाईत एक माणूस तुरुंगात सडतोय.’ बोलता बोलता त्यांचं ‘लांबला’ हे मत त्यांनी स्वतःच मागे घेतलं. त्यांना कोणी हरवलं नव्हतं. आपल्याला काय दिसलं ते सांगताना त्यांना ते अधिक स्पष्ट दिसत गेलं, एवढंच.

शेवटाबद्दल मात्र एकमत होत नाही, आणि ते व्हावं असंही मला वाटत नाही. कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटतं. पण तो संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. तिथे ते कोणाला तरी मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्र आणि अंगठीतला खडा सुचवतात, मग बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून त्यांना जागं करतात, आणि ते एका पोराला थप्पड मारतात. अनेकांना हा भाग उपरा वाटतो. सिनेमा अंधारापाशीच संपायला हवा होता, असं ते म्हणतात आणि त्यांची बाजू भक्कम आहे. माझं मत वेगळं आहे. काळ्या पडद्यावर सिनेमा संपला असता तर आपण व्यवस्था नावाच्या बिनचेहऱ्याच्या गोष्टीला दोष देऊन घरी गेलो असतो. त्या थपडेने न्याय देणारा माणूस सुट्टीच्या दिवशी कसा असतो ते दाखवलं. पण हे माझं मत मी चर्चेच्या शेवटी सांगतो. सुरुवातीला सांगितलं तर अर्धा हॉल त्याच्या बाजूने नाहीतर विरुद्ध बोलत बसेल आणि सिनेमा बाजूला राहील.

‘फॅन्ड्री’च्या बाबतीत मला आपल्या फिल्म सोसायटी चळवळीतली एक मोठी उणीव दिसली, ती इथे बोलायलाच हवी. नागराज मंजुळे यांच्या या 2013 च्या सिनेमात डुक्कर पकडण्यासाठी जब्या या मुलाचं सगळं कुटुंब धावत असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या थबकतो, सगळे जागच्या जागी उभे राहतात, आणि हाती आलेलं डुक्कर निसटतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. या दगडावर मराठीत भरपूर बोललं गेलं. पण फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये बसून हे बोलणारे आपण कोण? बहुतेक शहरी, बहुतेक सुशिक्षित, बहुतेक एकाच थरातले. दगड कोणाला लागतो यावर चर्चा करायला ज्यांना दगड मारावासा वाटतो ती माणसं हॉलमध्ये नसतील, तर आपल्याला सिनेमाची एकच बाजू दिसते. सोसायट्यांना सेन्सॉरमधून सवलत मिळाली तेव्हा नुसती न कापलेली दृश्यं पाहायला आलेली गर्दीही आपण पाहिली. ती गर्दी आली तशी ओसरली. पण वस्तीवर, तालुक्याच्या गावी, कामगार वसाहतीत बोलावणं धाडायला आपण कमी पडलो. आजही पडतो. सभासदांची यादी उघडून आडनावं वाचली तर हे कळतं.

दुसरी अडचण अलीकडची आहे आणि मला तिची खरी काळजी वाटते. सिनेमाबद्दलचं मत हे आता पुष्कळदा बाजू घेणं झालं आहे. अमुक नटाचा सिनेमा आवडला नाही असं म्हटलं की माणसं दुखावतात. अमुक विषयावरचा सिनेमा आवडला असं म्हटलं की बोलणाऱ्याची जात, पक्ष, धर्म शोधला जातो. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे आणि तो जुनाच आहे. पुन्हा पडद्याकडे वळायचं. कोणतं दृश्य? त्यात कॅमेरा कुठे होता? कोण बोलत होतं, कोण गप्प होतं? या प्रश्नांवर दोन टोकांची माणसंही थोडा वेळ एकत्र बसू शकतात. दोघांनी एकच सिनेमा पाहिलेला असतो, हा त्यांच्यातला सामाईक धागा फार मोठा आहे. तो तुटू देऊ नये.

आणि मित्रहो, मत मांडायला भाषा लागते. ‘सिनेमॅटोग्राफी छान होती’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा ‘पावसात तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त छत्री दिसत होती’ असं सांगणारा माणूस मला जास्त कळतो. मराठीत अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर लिहिलं, अशोक राणे, गणेश मतकरी लिहीत आले. त्यांचं वाचावं, म्हणजे पाहिलेलं शब्दांत कसं आणायचं याचा सराव होतो. पण वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आपल्या शब्दांत बोलावं. चर्चेत समीक्षकाचं वाक्य फेकणारा माणूस चर्चा थांबवतो.

आता एक विनंती करतो आणि थांबतो. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमाला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईतला मुलगा आणि गावातला त्याचा जुना मित्र, अशी ती गोष्ट आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. तो सिनेमा इथे लावावा आणि त्यावर चर्चा ठेवावी, असं मी संयोजकांना सुचवलं आहे. त्या दिवशी इथल्या सभासदांनी प्रत्येकी एक असा माणूस बरोबर आणावा जो या हॉलमध्ये आजवर कधी आलेला नाही. ज्याच्या घरी सुतक काटेकोर पाळलं गेलं आहे असा कोणी, गाव सोडून मुंबईत गेलेला कोणी, ज्याला अशा प्रेमाबद्दल आजवर उघड बोलता आलं नाही असा कोणी. आणि सिनेमा संपल्यावर अर्धा तास थांबायची तयारी ठेवून या. पहिलं बोलणं त्या नव्या माणसाला करू द्या.